अदृश्य पेठेतील भावयुद्ध

मोंढ्यावर माल घालणाऱ्या शेतकऱ्याला व्यापाराचा एक धडा कोणी शिकवावा लागत नाही. हर्रासात भाव काय फुटला हे तो कान देऊन ऐकतो खरा, पण त्याची नजर असते ती पट्टीकडे. हमाली, तोलाई आणि आडत वजा जाऊन हातावर जे पडले, तो त्याचा खरा भाव. गिऱ्हाइकाच्या बाजूचा धडा याच्या उलट आहे आणि तो मात्र आपण फारसा शिकलेलो नाही. दुकानावर ‘पन्नास टक्के सूट’ अशी पाटी दिसली की आपण आत शिरतो. ही सूट दुकानदार आपल्या पदरची देतो आहे, की माल करणाऱ्याच्या पट्टीतून ती वळती होते आहे, हे विचारण्याची तसदी घेत नाही. आजच्या व्याख्यानात हाच प्रश्न आम्हांस एका अगदी नव्या पेठेस विचारावयाचा आहे. या पेठेला ना ओटा, ना गोदाम, ना तराजू. तिथे व्हिडिओ गेम, म्हणजे संगणकावर व फोनवर खेळावयाचे खेळ विकले जातात, आणि गेली वीस वर्षे तिथे जे भावयुद्ध चालले आहे, तसे मोठमोठ्या शहरांच्या बाजारांनीही क्वचितच पाहिले असेल.

पोरांच्या खेळांची ही कथा वडीलधाऱ्यांच्या सभेत कशाला, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. परंतु सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ कंपनीने आरंभीचे काही महिने फुकट इंटरनेट देऊन आपली पेठ मांडली, तेव्हापासून शिरूर कासारसारख्या तालुक्याच्या गावातील घर आणि अमेरिकेतील दुकान यांच्यामध्ये अंतर असे उरलेलेच नाही. ऊसतोडीहून परतलेल्या घरातील मुलाच्या हातातही आज फोन आहे आणि त्या फोनमध्ये दुकान आहे. शिवाय त्या दुकानांत जे ठरले, तेच पुढे हॉटेलच्या खोल्यांच्या, कपड्यांच्या आणि पुस्तकांच्या व्यापारातही दिसू लागले. म्हणून त्याचा इतिहास जाणून घेणे हा केवळ कुतूहलाचा भाग नाही.

प्रथम जुनी व्यवस्था पाहू. खेळ ही त्या काळी वस्तू होती. तबकडी, तिची पेटी, पेटीवर चित्र आणि आपल्याकडे १९९० नंतरच्या नियमाप्रमाणे छापलेली कमाल किरकोळ किंमत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अस्सल पेटी एका बाजूस आणि तिची चोरटी नक्कल दुसऱ्या बाजूस, अशी ती स्थिती होती. नक्कल अस्सलाच्या किमतीच्या अल्पशा अंशात मिळे. अधिकृत वितरकांना या चोरट्या मालाशीच स्पर्धा करावी लागली, आणि म्हणून २००० नंतरच्या दशकात संगणकावरील कित्येक खेळ त्यांनी हजार रुपयांच्या आत आणले; तेच खेळ अमेरिकेत त्याच्या दुपटी-तिपटीने विकले जात होते. या व्यवस्थेत सूट देणारा दुकानदार आपल्या नफ्यातून सूट देई. माल पडून राहिला, जागा अडली, पैसा गुंतला, म्हणून तो भाव उतरवी. त्या उताऱ्याला मर्यादा होती, कारण पेटी त्याने स्वतः रोख मोजून घेतलेली असे.

चोरट्या मालाशी स्पर्धा करून मोठे झालेल्या व्यापाऱ्यांचे सर्वांत बोधप्रद उदाहरण पोलंडचे आहे. मार्चिन इविन्स्की आणि मिखाउ किचिन्स्की या दोन मित्रांनी १९९४ साली सीडी प्रोजेक्ट नावाची पेढी काढली. वॉर्सातील बाजारात तबकड्या विकण्यापासून त्यांचा आरंभ झालेला. पोलंडमध्ये चोरट्या प्रतींचा इतका सुळसुळाट होता की अस्सल खेळ घेणारा वेडा ठरावा. १९९९ साली ‘बाल्डर्स गेट’ हा खेळ त्यांनी पोलिश भाषेत आणला, नामवंत नटांचे आवाज दिले, पेटीत नकाशा आणि इतर चिजा घातल्या. आणि पहिल्याच दिवशी अठरा हजार प्रती गेल्या. भाव चोरापेक्षा कमी करता येत नाही, पण आपल्या भाषेत आणि नीट सजवून दिलेल्या मालाला गिऱ्हाईक चार पैसे जास्त देते, हे त्यांनी सिद्ध केले. मराठी पुस्तकांच्या प्रकाशकांनी या गोष्टीचा विचार करावा असे आम्हांस वाटते, पण तो विषय वेगळा. याच पेढीने २००८ साली ‘गॉग’ नावाचे इंटरनेटवरील दुकान उघडले आणि जुने, पेठेतून नाहीसे झालेले खेळ सहा आणि दहा डॉलरच्या आत, कोणतेही कुलूप न लावता विकावयास काढले. या दुकानाकडे आपल्याला पुन्हा यावे लागेल.

आता मुख्य पेठ. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात व्हॉल्व्ह नावाची कंपनी आहे. मायक्रोसॉफ्ट सोडून आलेल्या गेब न्यूवेल आणि माइक हॅरिंग्टन यांनी ती १९९६ साली स्थापिली. १२ सप्टेंबर २००३ रोजी तिने ‘स्टीम’ नावाची सोय सुरू केली. तिचा मूळ हेतू दुकानाचा नव्हता. स्वतःच्या खेळांतील दुरुस्त्या गिऱ्हाइकाच्या संगणकावर आपोआप पोचाव्यात एवढाच होता. पण नोव्हेंबर २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ हा गाजलेला खेळ आला तेव्हा, पेटी विकत घेतलेल्या माणसालाही स्टीमवर नाव नोंदविल्यावाचून तो खेळता येईना. लोक संतापले, चडफडले आणि नाव नोंदवून मोकळे झाले. २००५ पासून दुसऱ्यांचे खेळही तिथे विकावयास येऊ लागले. व्हॉल्व्हचा वाटा शंभरास तीस. तबकडी, पेटी, ट्रक, वितरक आणि दुकानदार यांच्यात वाटली जाणारी रक्कम त्याहून पुष्कळच मोठी होती. म्हणून तीस टक्के त्या वेळी कोणास जाचक वाटले नाहीत. उलट स्वस्तच वाटले. पुढे सारे भांडण ज्या आकड्यावरून पेटले, तो प्रारंभी वरदान म्हणून आला होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आणि मग सवलतीचा शोध लागला. ‘शोध’ हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरतो. २००८ च्या नाताळात व्हॉल्व्हने निरनिराळ्या खेळांवर निरनिराळ्या प्रमाणात सूट देऊन पाहिली, आणि २००९ च्या फेब्रुवारीत न्यूवेल यांनी धंद्यातील लोकांच्या परिषदेत तिचे आकडे उघड केले. दहा टक्के सूट दिली तेव्हा विक्रीची रक्कम पस्तीस टक्क्यांनी वाढली. पंचवीस टक्क्यांना ती २४५ टक्क्यांनी, पन्नास टक्क्यांना ३२० टक्क्यांनी आणि पंचाहत्तर टक्के सूट दिली तेव्हा १,४७० टक्क्यांनी वाढली. ही वाढ प्रतींच्या संख्येतील नव्हे, हाती आलेल्या डॉलरांतील आहे! त्याच सुमारास ‘लेफ्ट ४ डेड’ हा स्वतःचा खेळ त्यांनी शनिवार-रविवारपुरता निम्म्या किमतीला विकला; विक्री तीन हजार टक्क्यांनी उसळली आणि खेळ नवा आला त्या वेळच्या विक्रीलाही तिने मागे टाकले.

हे कसे घडते? कापसाच्या व्यापाऱ्याला हे गणित पटणार नाही, कारण कापसाचा प्रत्येक क्विंटल कोणी तरी पिकवावा, वेचावा, वाहावा लागतो. खेळाची पहिली प्रत तयार करण्यास शेकडो माणसांची वर्षे लागतात. दुसऱ्या प्रतीस जवळजवळ काहीच लागत नाही. तेव्हा शंभर रुपयांस एक प्रत विकण्यापेक्षा पंचवीस रुपयांस साठ प्रती विकणे केव्हाही बरे. त्यात चोरट्या प्रतीवर समाधान मानणारा माणूसही पंचवीस रुपयांना अस्सल घ्यावयास तयार होतो. या पहिल्या काळात सवलतीने कोणाचेच नुकसान झाले नाही. कर्त्याला पैसा, दुकानाला आडत आणि गिऱ्हाइकाला स्वस्ताई. असे दिवस व्यापारात थोडेच येतात.

त्यानंतर जे आले त्याला पूर म्हणावे लागेल. मे २०१० मध्ये वुल्फायर गेम्स या लहानशा मंडळींनी पाच स्वतंत्र खेळांचे एक गाठोडे बांधले आणि गिऱ्हाइकास सांगितले की तुम्हांस वाटेल ती किंमत द्या. त्यातून किती वाटा कर्त्यांना, किती धर्मादायाला, हेही तुम्हीच ठरवा. या ‘हंबल इंडी बंडल’ने बारा लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमविली. अशी गाठोडी मग सगळेच बांधू लागले. स्टीमचे उन्हाळी आणि नाताळी सेल म्हणजे जत्राच झाल्या. काही तासांपुरतीच मिळणारी विजेसारखी सूट गाठण्यासाठी मुले रात्री जागू लागली. लोक खेळ खेळण्यासाठी नव्हे, तर स्वस्त आहे म्हणून घेऊ लागले. २०१४ साली एका अमेरिकन नियतकालिकाने स्टीमवरील खात्यांची पाहणी केली, तेव्हा विकत घेऊन ठेवलेल्या खेळांपैकी सदतीस टक्क्यांच्या आसपास खेळ एकदाही उघडले गेलेले नव्हते. घरातील भांड्यांची उतरंड आठवावी.

जून २०१२ मध्ये प्रतिस्पर्धी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीच्या ‘ओरिजिन’ या दुकानाच्या प्रमुखांनी जाहीरपणे म्हटले की अशा सेलमुळे खेळाचे मोलच उतरते. आम्ही तसे करणार नाही. बाणेदार बोल होते. हे दुकान त्यांनी २०११ साली स्टीमपासून फुटून काढले होते, आणि २०१९ मध्ये त्यांचे नवे खेळ पुन्हा स्टीमच्या फळीवर आले. सवलतीवाचून दुकान चालत नाही आणि सवलत देऊनही गिऱ्हाईक जुनी पेठ सोडत नाही, असा दुहेरी अनुभव त्यांनी घेतला. कारण उघड आहे. ज्या पेठेत आपले शंभर खेळ ठेवलेले आहेत आणि जिथे आपले सोबती बसलेले आहेत, ती सोडून कोण जातो?

येथून कर्त्याची पट्टी तपासण्याची वेळ येते. हजार रुपयांचा खेळ आहे असे धरू. कर बाजूस ठेवू. पूर्ण किमतीला विकला तर दुकानाला तीनशे, कर्त्याच्या बाजूस सातशे. पंचाहत्तर टक्के सूट दिली की किंमत झाली अडीचशे. दुकानाला पंचाहत्तर आणि कर्त्याला एकशे पंचाहत्तर. आडतीचा दर तिळमात्र कमी झाला नाही. दुकानाचीही रक्कम घटली हे खरे, पण दुकान एक आणि माल हजारोंचा. याचा विकला नाही तर त्याचा विकला जाईल. २०१७ साली स्टीमने आपली दारे जवळजवळ सताड उघडली. शंभर डॉलर अनामत भरा आणि खेळ मांडा. २०२४ या एका वर्षात तिथे अठरा हजारांवर नवे खेळ आले. त्या गर्दीत आपला खेळ गिऱ्हाइकाच्या नजरेस पडावा कसा? ज्यांनी तो ‘पुढे घेईन’ म्हणून यादीत टिपून ठेवला आहे, त्यांना दुकान आपण होऊन निरोप धाडते. पण सूट किमान वीस टक्के असली तरच. म्हणजे सूट ही कर्त्याची मर्जी कागदोपत्री. वस्तुतः ती हाळी देण्याची फी होऊन बसली आहे. २००८ साली जी सूट जादूची कांडी होती, ती सर्वांच्याच हाती आल्यावर नुसती काठी उरली.

याचा निषेध म्हणा किंवा स्पर्धा म्हणा, ती डिसेंबर २०१८ मध्ये उभी राहिली. ‘फोर्टनाइट’ या खेळाने गडगंज झालेल्या एपिक गेम्स कंपनीने आपले दुकान उघडले आणि जाहीर केले की आम्ही शंभरास बाराच घेऊ. घोषणेच्या काही दिवस आधीच व्हॉल्व्हने आपला दर थोडा सैल केला होता: विक्री एक कोटी डॉलरांवर गेली की पुढे पंचवीस टक्के, पाच कोटींवर गेली की वीस. लहानाला तीस आणि थोराला वीस, हा न्याय आम्हांस उलटा वाटतो. मोठा व्यापारी पेठ सोडून जाऊ शकतो आणि लहान जाऊ शकत नाही, एवढेच त्यामागील कारण दिसते.

आडतीची कथा आपल्याकडेही ताजी आहे. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने फळे-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून काढला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यावी असे ठरविले, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते. प्रश्न तेव्हा जो होता तोच येथे होता. आडत कमी झाली, तर फरक कोणाच्या पदरात पडेल? करणाऱ्याच्या की खाणाऱ्याच्या? जानेवारी २०१९ मध्ये ‘मेट्रो एक्झोडस’ हा खेळ ऐन प्रकाशनाच्या तोंडावर स्टीममधून काढून एपिककडे नेण्यात आला आणि अमेरिकेत त्याची किंमत साठ डॉलरांऐवजी पन्नास ठेवली गेली. आडत उतरली की भाव उतरतो याचे हे सुंदर उदाहरण म्हणून मिरविले गेले. परंतु ते अमेरिकेपुरतेच होते, आणि पुढे त्याचे अनुकरण फारसे झाले नाही. आडतीतील फरक बहुतेकांनी आपल्याकडेच ठेवला. त्यांना दोष देण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

गॉगची गोष्ट याच जागी सांगावयाची. वेगवेगळ्या देशांत किंमत अमेरिकेपेक्षा जास्त पडत असेल, तर तो फरक हे दुकान काही वर्षे आपल्या खिशातून गिऱ्हाइकाच्या खात्यात परत जमा करी. सरासरी बारा टक्के, क्वचित सदतीस टक्क्यांपर्यंत. दुकानाने पदरची सूट देण्याचे हे विरळा उदाहरण. ३१ मार्च २०१९ रोजी त्यांनी ते बंद केले. कारण त्यांनीच सांगितले: कर्त्यांना आता मोठा वाटा द्यावा लागतो, त्यामुळे हे परवडत नाही. म्हणजे आडतीवरील स्पर्धा पेटली आणि तिचा पहिला घाव गिऱ्हाइकाच्या सवलतीवर पडला.

त्याच वर्षी मे महिन्यात एपिकने आणखी एक धाडस केले. पंधरा डॉलरच्या आसपास आणि त्यावर किंमत असलेल्या प्रत्येक खेळावर दहा डॉलर सूट, आणि ती सर्वस्वी एपिकच्या खर्चाने. कर्त्याला पूर्ण किमतीप्रमाणे पैसे मिळणार होते. आनंदीआनंद व्हावयास हवा होता. झाले उलटेच. कित्येक प्रकाशकांनी आपले खेळ घाईघाईने फळीवरून उचलले. जो खेळ अजून तयारही झाला नव्हता, तो आगाऊ नोंदणीतच दहा डॉलरांनी स्वस्त विकला जाऊ लागला. असे झाले तर उद्या त्याची खरी किंमत कोण मानील, हे त्यांचे भय होते. आमच्या मते साऱ्या इतिहासातील हा सर्वांत उद्बोधक प्रसंग आहे. पैसे बुडत नसतानाही माल करणारा घाबरला, कारण किमतीवरील त्याचा हात सुटत होता. एपिकची फुकट वाटप मात्र चालू राहिली. पुढे २०२१ साली अ‍ॅपलविरुद्धच्या खटल्यात जी कागदपत्रे बाहेर आली, त्यांवरून असे दिसते की पहिले अडतीस खेळ फुकट वाटण्यासाठी एपिकने कर्त्यांना सुमारे एक कोटी सोळा लाख डॉलर मोजले आणि त्या बदल्यात पन्नास लाखांच्या घरात नवी खाती मिळविली. आणि २०१९ या वर्षी हे दुकान अठरा कोटी डॉलरांच्या वर तोट्यात होते. मे २०२० मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ फुकट दिला, तेव्हा गर्दीने दुकानच काही तास कोलमडले. एवढे करूनही पेठ हलली नाही. मार्च २०२५ मध्ये स्टीमवर एकाच वेळी चार कोटींहून अधिक माणसे होती.

मग इतर दुकाने काय विकतात? येथे एक गंमत आहे. स्टीमवर खेळ मांडणाऱ्याला व्हॉल्व्ह काही ‘की’ म्हणजे किल्ल्या देते. ती किल्ली कर्ता दुसऱ्या दुकानातून विकू शकतो आणि तिच्यावर व्हॉल्व्ह आडत घेत नाही. गिऱ्हाईक किल्ली कोठूनही घेवो, खेळ उघडतो तो स्टीममध्येच. दुकाने अनेक, पाट्या अनेक, सवलती अनेक, पण माल ताब्यात घ्यावयाचे गोदाम एकच. अट एवढीच की स्टीमच्या गिऱ्हाइकाला दुसरीकडच्यापेक्षा वाईट भाव देऊ नये. ही अट किल्ल्यांपुरतीच, असे व्हॉल्व्हचे म्हणणे. ज्यांनी २०१० साली ते पहिले गाठोडे बांधले, त्याच वुल्फायर मंडळींनी एप्रिल २०२१ मध्ये व्हॉल्व्हवर दावा लावला. किल्लीशिवाय विकलेला खेळही दुसरीकडे स्वस्त ठेवू नका, नाही तर स्टीमवरून काढू, असे आपणास बजावण्यात आले, असा त्यांचा आरोप आहे. तसे असेल तर बारा टक्क्यांच्या दुकानात भाव उतरावा तरी कसा? भाव उतरविला की मोठी पेठ बंद! नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने या दाव्यास सामूहिक दाव्याचे स्वरूप दिले आणि हजारो कर्ते त्यात आले.

ही ‘समान भावाची’ अट आपल्याला परकी नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबो या कंपन्यांना २२३ कोटींहून अधिक दंड केला, तो अन्य कारणांबरोबर याही कारणासाठी, की हॉटेलवाल्यांनी आपली खोली दुसऱ्या ठिकाणी स्वस्त देऊ नये असे बंधन घातले होते.

किमतीइतकाच महत्त्वाचा प्रश्न मालकीचा. तबकडी होती तेव्हा एकाने खेळून दुसऱ्यास विकावी, त्याने तिसऱ्यास, असा अर्ध्या किमतीचा जुना बाजार पुण्या-मुंबईत चाले. अप्पा बळवंत चौकात जुनी पाठ्यपुस्तके चालतात तसा. नव्या पेठेत तो बाजार मुळीच नाही. आमच्या समजुतीप्रमाणे सवलतींनी त्या जुन्या बाजाराचीच जागा घेतली आहे; फरक इतका की, जुना बाजार गिऱ्हाइकाच्या हातात होता आणि नवा दुकानाच्या. सप्टेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने विकत घेतलेला खेळ पुन्हा विकता आला पाहिजे असा निकाल दिला, पण ऑक्टोबर २०२२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो फिरविला. ३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ हा मोटारींचा खेळ बंद केला, आणि पैसे मोजून घेतलेल्यांच्याही हाती काही उरले नाही. त्यानंतर कॅलिफोर्नियाने कायदा केला आणि ऑक्टोबर २०२४ पासून स्टीमच्या गल्ल्यावरच लिहिलेले दिसू लागले की आपण घेता तो केवळ परवाना आहे.

आता सरहद्दीचा विषय, जो आपल्या भागास पिढीजात ठाऊक आहे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, आणि पाथर्डीच्या अंगाने गेले की इंग्रजी मुलूख. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. शंभर कलदारांस एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, म्हणजे सहास सात, हा हिशेब दुकानदाराच्या तोंडपाठ असे. मध्ये करोडगिरीचे नाके. एकच जिन्नस, दोन नाणी, दोन भाव. हाली सिक्का १९५० च्या दशकात चलनातून गेला. पण इंटरनेटच्या पेठेत नाणी आणि नाकी दोन्ही परत आली आहेत. एकच खेळ पोलंडमध्ये स्वस्त आणि जर्मनीत महाग असे. स्वस्त देशात घेतलेली किल्ली महाग देशात लागू नये म्हणून कुलूप घालण्यात आले. युरोपीय आयोगाने २० जानेवारी २०२१ रोजी व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशकांना या नाकेबंदीबद्दल मिळून अठ्ठ्याहत्तर लाख युरो दंड ठोठावला, कारण युरोपीय संघाच्या आत असे नाके बसविता येत नाही. संघाच्या बाहेर मात्र ते बसविता येते.

आपल्या देशात स्टीमवर रुपयाचे नाणे नोव्हेंबर २०१५ मध्ये चालू झाले. तोवर डॉलर मोजावे लागत आणि त्यासाठी परदेशी व्यवहार करणारे कार्ड लागे. लहान गावातील मुलास ते कोठून मिळावे? रुपयाचा भाव ठरविताना व्हॉल्व्ह सूचना करते, अंतिम आकडा कर्ता घालतो. कोणी भारतीय खिसा पाहून घालतो, कोणी डॉलरला सरळ गुणून मोकळा होतो. या सौद्यात आता आपली माणसे दोन्ही बाजूंस आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला ‘राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ हा प्राचीन भारताच्या पार्श्वभूमीवरील खेळ घ्या. २०१७ साली लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी त्यांनी नेट सोडला नाही. खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डोच्या यंत्रावर आला आणि १५ ऑक्टोबर २०२० रोजी संगणकावरील दुकानांत. जगभरच्या शेकडो पेढ्यांच्या मालाशी, त्याच फळीवर, त्याच सेलच्या दिवसांत त्याची झुंज. शिरूरच्या मुलाला तो सेलमध्ये स्वस्त मिळाला तर त्याचा आनंद खरा आहे. आणि त्या दिवशी पुण्याच्या पट्टीत काय पडते, तेही खरे आहे.

रुपयाचे हे नाणे कायमचे म्हणून कोणी लिहून दिलेले नाही. अर्जेंटिना आणि तुर्कस्तान यांची नाणी कोसळू लागली तसे तेथील भाव इतरांच्या मानाने फार स्वस्त पडू लागले. दूरदूरच्या देशांतील लोक आपला पत्ता तिकडचा दाखवून खेळ घेऊ लागले, आपल्या पूर्वजांपैकी काही नाके चुकवीत तसे. २० नोव्हेंबर २०२३ रोजी स्टीमने त्या दोन्ही देशांत पेसो आणि लिरा बंद करून डॉलर लागू केला. आसपासच्या देशांसाठी स्वस्त डॉलर-भाव घालण्याची मुभा कर्त्यांना दिली होती, पण अनेकांनी तो वेळेवर घातला नाही, आणि त्या दिवशी सकाळी इस्तंबूलच्या मुलाने दुकान उघडले तेव्हा कित्येक खेळांवर न्यूयॉर्कचाच भाव लागलेला होता.